कॅचरच्या मागचं जाळं

मित्रांनो, मी एक जुनं डोल जाळं आहे. हसू नका! समुद्रातलं जाळं विद्यापीठाच्या मैदानावर काय करतंय, असंच तुम्हाला वाटलं ना? सुरुवातीला मलाही तेच वाटायचं.

थळच्या सदा कोळ्यानं मला स्वतः विणलं. नऊ वर्षं मी बोंबील नि जवळा भरभरून दिला. सदाचा मुलगा विनेश विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा पहिला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. संघ नवा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. खेळाडू नऊ आणि ग्लोव्ह चार. कॅचरच्या हातून सुटलेला बॉल थेट सुरूच्या बनात! तरी पठ्ठ्यांनी पहिल्याच वर्षी अंतिम सामना गाठला.

"बाबा, एकदा तरी बघायला या," विनेश म्हणाला.

"कसला खेल नि कसला काय! बोटीवर मानूस कमी हाय, चल मुकाट," सदा म्हणाला.

सामन्याच्या दिवशीच विनेश बोटीवरून पडला. संध्याकाळी त्याला वर आणलं ते मीच. मी घट्ट धरलं होतं हो, पण फार उशीर झाला होता.

सदा मला पुन्हा दर्यात नेईना, आणि जाळायलाही त्याचा हात धजेना. पुढे मुलींचा संघ निघाला. विनेशची बहीण भाविका त्यात कॅचर झाली आणि तिनं मला इथे, आपल्या जागेच्या मागे, आणून बांधलं.

तेव्हापासून हे चालू आहे. ऐन भरतीला, वारा पडलेला असताना, माझ्यावर बॉल आदळतो. फट्! टाकणारा कोणी नसतो, बॉलही दिसत नाही. मुलींची आधी पाचावर धारण बसली. मग रीतच पडली: पिचरची जागा आधी मोकळी ठेवायची, तो आवाज झाला की सराव सुरू. तीन वर्षांत तीन कप्तान झाल्या, दोन करंडक आले, पण ही रीत कोणी मोडली नाही.

यंदा हे सदाच्या कानावर गेलं. तो भरदुपारी कोयता घेऊन आला.

"माझ्या पोराला यानं अडकवून ठेवलाय. कापून मोकला करतो त्याला!"

खरंच मीच धरून ठेवलं असेल का त्याला? मला काय ठाऊक!

भाविका रडत होती. तिनं आपला ग्लोव्ह बापाच्या हातात चढवला. "कापा, बाबा. पण आधी माझ्या जागेवर बसा."

सदा उकिडवा बसला. समोर पिचरची जागा रिकामी. भरती चढली, सुरूचं पानही हलेना.

फट्!

या वेळी आवाज माझ्यावर नाही, ग्लोव्हमध्ये झाला. सदाचा हात मागे गेला. ग्लोव्ह रिकामा होता, पण त्यातून खारं पाणी ठिबकत होतं.

मग त्यानं ग्लोव्ह पुन्हा समोर धरला. "लय जोर हाय रं तुझ्या हातात," तो म्हणाला. "आजून एक टाक. मी बगतोय."

आता तो रोज भरतीला येऊन बसतो. विनेशचा एकही बॉल माझ्यावर येत नाही, सगळे तोच झेलतो. मित्रांनो, मी आता जीर्ण झालंय, नवं जाळं खुशाल बांधा, मला चुलीत घाला. पण घाई करू नका. आधी सदाचं बघून होऊ द्या.