शोभेची लसूण

माझी मुलगी जॉयस इंग्लंडात स्विंडनला राहते आणि तिथून मला बागकाम शिकवते. मला! एकतीस वर्षं शाळेच्या मागच्या परड्यात पोरांकडून वाफे करून घेतले मी. तीन वर्षांपूर्वी नाताळाला आली ती एका लोकरी मोज्यात कंद गुंडाळूनच. म्हणाली, "मम्मी, ही शोभेची लसूण. खायची नाही, नुसती बघायची. तुझ्या फुलांच्या वाफ्यात लाव."

दोन जाती होत्या. जांभळ्या गेंदांची गुणी म्हणे. तिला बी धरत नाही, दिली ती जागा सोडत नाही. पांढऱ्या फुलांची जरा वांड. "तिची फुलं सुकायला लागली की कापायची. काळं बी दिसायच्या आत. नाहीतर सगळीकडे पसरेल आणि मग रडशील," असं मला दहा वेळा बजावून गेली.

झालं काय, ती गुणी जांभळी आमचा एक पावसाळा बघून कुजून गेली. चिखलात हात घातला तर नुसता घाण वासाचा लगदा. पांढरी मात्र अशी माजली की विचारू नका. दुसऱ्या श्रावणात गुडघ्याएवढ्या दांड्या आणि त्यांवर चांदण्यांचे झुबके. पात चुरडली तर लसणीचा वास यायचा, फुलांना मात्र नाकाजवळ धरल्याशिवाय कळायचा नाही. आमच्या सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला मी त्याच फुलांनी अल्तार सजवली. आमच्या सायबिणीला लसणीचं वावडं नाही. आमच्याकडे पाद्री जेवायला आले तरी वाटणात मूठभर लसूण असतेच.

वावडं होतं ते आमच्या दगडी गडग्यापलीकडे.

गडग्यापलीकडे काशीबाई राहते. आमची चाळीस वर्षांची शेजारीण. दर चतुर्थीला तिच्या गणपतीला पहिल्या दिवशीची फुलं माझ्या बागेतली. हे कुणी ठरवलं नव्हतं, होत आलं होतं. गेल्या वर्षी चतुर्थी उशिरा आली. पांढरी फुलं सरत आली होती, पण त्यांतले बरे बरे झुबके मी मुद्दाम तिच्यासाठी राखून ठेवले. चार-पाच दांड्यांवर काळं बी दिसायला लागलं होतं, तरी कापले नाहीत. आणि चतुर्थीला परडी भरून घेऊन गेले.

"अगो, कसली गो ही फुला?" काशीनं विचारलं.

आता खरं सांगते. मला माहीत होतं. गणपतीच्या दिवसांत तिच्या घरात कांदा-लसूण शिवत नाहीत हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. पण फूल म्हणजे फूल, खायचं थोडंच आहे, असं मनाशी म्हटलं आणि तोंडानं म्हणाले, "विलायती आसत. जॉयसान हाडलेली."

काशीनं ती फुलं गणपतीच्या पायांशी मांडली. तिची सून पूजा तेव्हा तीन महिन्यांची पोटुशी होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, सगळं घर हरखलं होतं.

दिवाळीच्या आधी पूजाचं पोर गेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधीकधी, कुणाचा दोष नसतो. मंगेशनं, म्हणजे काशीच्या मुलानं, ते ऐकून घेतलं. काशीनं नाही ऐकलं. आमच्या हातून काय तरी चुकलंय म्हणून बसली. तिनं मासे सोडले. बांगड्याच्या तिखल्याशिवाय जिला घास उतरत नसे ती बाई नऊ महिने वरणभातावर! रोज येऊन मला विचारायची, "खंय चुकला गो आमचा?" मी म्हणायची, "कायेक चुकला नाय तुमचा." आणि घरी येऊन मला जेवण जायचं नाही.

यंदा जूनमध्ये तिच्या अबोलीच्या वाफ्यात हिरवे कोंब दिसायला लागले. निर्माल्य ती कधी कुठे टाकत नाही, अबोलीच्या मुळाशी घालते. त्या फुलांतलं बी तिथेच पडलं होतं आणि अबोलीच्या जोडीनं रोज पाणी पीत होतं. या वाफ्यातल्या अबोलीची वेणी दर सोमवारी देवळात भगवतीला जाते. आणि आता त्याच अबोलीच्या मुळाशी लसूण. एकदा म्हटलं, उपटून टाकावेत गुपचूप. ती बाजाराला गेली असताना गडगा ओलांडून गेलेसुद्धा. पण ओढलं की पात हातात, मूळ आतच. आठ दिवसांत पुन्हा उभे. श्रावणात तर फुलंही आली.

जॉयसला फोन केला, तर ती म्हणते, "सांगितलं होतं ना मी?" ठेवला मी फोन. मेली शहाणी.

मग परवा काशी म्हणाली, "सोमवारी देवळात गाऱ्हाणा घालतंय. देवीक इचारतंय काय चुकला ता." आता मात्र माझ्यानं राहवेना. एकतीस वर्षं पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून छड्या मारल्या. सकाळीच उठून तिच्याकडे गेले. ती अबोलीत बसून तीच रोपं खुरप्यानं काढत होती. मी तशीच शेजारी चिखलात बसले.

"काशी, ती फुला लसणीची. माका म्हायत होता. मी तुका सांगलंय नाय."

खुरपं थांबलं नाही.

"माका पण म्हायत होता," काशी म्हणाली. "परडीतलो दांडो मोडलंय तेव्हाच वास इलो."

मी विचारलं, "मगे ठेवलंस कित्या?"

"तू इतक्या हौशेन हाडलंस. चेडवान इतक्या लांबसून हाडलेली म्हणालंस. तुझ्या तोंडार नको कसा म्हणू? म्हटलंय, देव समजान घेयत." तिनं आणखी एक रोप उपसलं. "तुझा मन राखूक गेलंय गो. नातवाचा नाय राखूक गावला."

"काशी, त्याचो ह्याच्याशी काय संबंध नाय. डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टराक काय म्हायत?"

ओरडावंसं वाटलं मला, हलवून हलवून सांगावंसं वाटलं. पण तिच्या आणि देवाच्या मध्ये मी कोण बोलणार? दोष माझा म्हणायला आले होते, तो ती मला द्यायलाच तयार नव्हती. मी आपली रोपं उपटायला लागले.

ती हळूच म्हणाली, "पूजाक सांगू नको हां. सासयेक म्हायत होता ह्या तिका कळला तर ती माझा तोंड बघूची नाय."

ओझं उतरवायला आलेली मी, आणखी एक घेऊन बसले.

तेवढ्यात पूजाच बाहेर आली, आम्हाला चहा घेऊन. वाफ्याकडे बघून म्हणाली, "आये, सगळीच काढतास? टीचर, तुमी तरी सांगा त्यांका. माका आवडतत ही फुला."

काशी आणखी जोरात खुरपायला लागली. मी म्हणाले, "तण आसा गो बाय ता. अबोलीक खाता."

"आसांदे. एक तरी ठेवा." पूजा कठड्यावर बसली आणि फुलांकडे बघून हसली. दिवाळीनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "गेल्या वर्षी गणपतीच्या पायांकडे होती ही. मी रोज आरतीक बसान ह्यांकाच बघी. तेव्हा पोर होता ना माझ्या पोटात. मगे दुसरा काय तेच्या सोबतीन बघलंय मी?"

काशीनं माझ्याकडे पाहिलं. मी काशीकडे. तिनं खुरपं बाजूला ठेवलं आणि कडेच्या सगळ्यांत मोठ्या झुबक्याभोवती दोन्ही हातांनी माती सारखी केली.