आधी ओलं फडकं, मग वायरिंग

आमच्या घरात एक वाईट खोड आहे. फुकट म्हटलं की कुणी हात आखडता घेत नाही. नव्या घराच्या विटा उघड्या होत्या, प्लास्टर व्हायचं होतं. वायरमनकाकांनी खडूचा तुकडा आमच्या हातात दिला आणि म्हणाले, "जिथे दिवा, पंखा, प्लग हवा तिथे फुली मारा. एक फुली म्हणजे एक पॉइंट. उद्या मोजून खर्च सांगतो." खडू फुकट होता. मग काय विचारता.

नवऱ्याने हॉलभर फुल्या मारल्या. टीव्हीला एक, स्पीकरला दोन, आणि कोपऱ्यात दोन "असू द्यात" म्हणून. भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, त्यांच्या खोलीत एसीसाठी फुली मारली. एसी नाही, घ्यायची ऐपत नाही, पण फुली आहे. सासूबाईंनी पलंगाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन मारल्या. म्हणाल्या, "झोप कुठल्या कुशीवर लागेल ते आत्ताच कसं सांगू?" वरच्या खोलीत मी बारा मारल्या. तीन शिलाई मशिनं, प्रत्येकावर एक दिवा, एक इस्त्री, कापडं कापायच्या टेबलावर दोन दिवे, दोन पंखे, एक ट्यूब. एकही हौसेची नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका कानावर पेन्सिल खोचून सगळं घर फिरले. "बासष्ट," म्हणाले. "तार, पाइप, बटणं धरून पॉइंटमागे आठशे. मेन बोर्ड आणि अर्थिंगचे पाच हजार वेगळे. चोपन्न हजार सहाशे."

आमच्याकडे होते पंचेचाळीस. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याने मोबाइलवर आकडेमोड केली आणि त्याचा चेहरा खुलला. "वरच्या खोलीचे बारा काढले की बरोब्बर पंचेचाळीस. ती खोली नंतर बघू."

नंतर. मला आमच्या घरातलं 'नंतर' चांगलं माहीत आहे, त्याच्या पुढची पायरी 'राहू दे.' प्लास्टर झालेली भिंत पुन्हा कोण फोडणार? आणि मला वेळ कुठे होता? ज्या दुकानात पंधरा वर्षं मी दुसऱ्याच्या मशीनवर बसले, ते महिनाअखेरीला बंद होत होतं. मालकाने तिन्ही मशिनं मला स्वस्तात देऊ केली होती. हॉस्पिटलच्या दोनशे गाऊनची ऑर्डर मी घेऊन बसले होते. वरच्या खोलीत वीज नाही म्हणजे मशिनं नुसतं लोखंड, ऑर्डर दुसऱ्याकडे आणि मी घरी. या प्लॉटचे निम्मे पैसे कुणाच्या सुईतून आले होते, ते त्या घटकेला कुणालाच आठवेना.

भावजी उंटावरचे शहाणे बनून पुढे झाले. "वहिनी, माझ्या ओळखीचा एक जण पाचशेत पॉइंट करतो. अर्थिंगच्या भानगडीत तो पडतच नाही."

काकांनी पेन्सिल खिशात टाकली. "मग त्यालाच बोलवा. इस्त्रीचा शॉक बसला की मला फोन नको."

"काका, थांबा," मी म्हटलं. "अस्तर काढून कोट स्वस्त करणाऱ्यातली मी नाही. अर्थिंग होणार, आणि काम तुम्हीच करणार. मला फक्त उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

माझा पारा चढला होता, हे कबूल करते. पण रागात कात्री हातात धरायची नाही, हे मला माझ्या धंद्याने शिकवलंय. रागात माप घ्यावं. भारी कापड असलं की आम्ही आधी कच्चे टाके घालतो, गिऱ्हाइकाला घालून फिरायला लावतो. सहा खिसे मागणाऱ्याचा हात दोनच खिशांत जातो. बाकीचे चार मग तोच नको म्हणतो. मी ठरवलं, घराचीही ट्रायल घ्यायची.

सकाळी सगळ्यांना त्या रिकाम्या घरात उभं केलं. हातात माझा कापडावर खुणा करायचा खडू आणि एक ओलं फडकं. "आज इथे अख्खा दिवस जगून दाखवायचं. हात जिथे जाईल ती फुली राहील. बाकीच्या पुसणार."

"हे काय नाटक?" नवरा म्हणाला.

"नाटकच आहे. तिकीट आठशे."

सासूबाईंना मात्र भलताच हुरूप आला. त्या जमिनीवर आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि रात्र झाली म्हणून जाहीर केलं. उठल्या त्या उजव्या हातावर रेटा देऊन, तीनदा उठल्या तरी उजव्याच. डाव्या अंगाच्या दोन फुल्या गेल्या. मग डोळे मिटूनच बाथरूमकडे निघाल्या, दाराशी भिंत चाचपत राहिल्या. तिथे फुलीच नव्हती. इतक्या फुल्या मारल्या आणि जिथे म्हातारं माणूस पडायचं तिथे अंधार. मी तिथे नवी फुली मारली. जिन्यावर भावजी ठेचकाळले, तिथे वर-खाली दोन झाल्या. स्वयंपाकघरात ओट्यापाशी एक. एसीच्या फुलीपाशी भावजी बराच वेळ उभे होते. मग स्वतःच फडकं मागून त्यांनी ती पुसली. हॉलमधल्या 'असू द्यात'कडे कुणाचा हात काही गेला नाही, आणि बाकीच्या खोल्यांतल्याही डझनभर पुसल्या गेल्या.

"आता तुझी खोली," नवरा म्हणाला. न्याय म्हणजे न्याय. फडकं घेऊन तो टपूनच उभा राहिला.

मी एका उलट्या बादलीवर बसले आणि रोजचं काम सुरू केलं. मशीन चालू, वरचा दिवा, शिवण संपली, वळून इस्त्री, पुन्हा टेबल, टेबलावरचा दिवा, दुसरं मशीन. हात आपोआप जात होते. प्रत्येक वेळी ज्या फुलीवर हात पडे, ती तो पाहत होता. बाराच्या बारा झाल्या. फडकं त्याच्या हातात तसंच होतं.

"तू रोज एवढ्या वेळा वळतेस?" त्याने विचारलं.

"पंधरा वर्षं," मी म्हटलं.

संध्याकाळी काकांनी पुन्हा मोजलं. सतरा पुसल्या, चार वाढल्या. "एकोणपन्नास. अर्थिंग धरून चव्वेचाळीस हजार दोनशे." त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. "तीस वर्षं लोक मला म्हणतात, भाव कमी करा. फुल्या कमी करणारी तुम्ही पहिलीच. आणि एका पॉइंटचे पैसे उरतात. कुठे घ्यायचा?"

सासूबाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधी नवऱ्याने माझ्या हातातला खडू घेतला. तो बाहेर गेला, वर जाणाऱ्या जिन्याच्या दारावर हात उंच करून त्याने एक फुली मारली.

"तिथे कशाला?" मी विचारलं.

"तुझी पाटी लागेल ना तिथे. संध्याकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाला वाचता यायला नको?"

पाटीचा विचार मी स्वतःसुद्धा केला नव्हता. "पाटी माझ्याकडून," भावजी म्हणाले. "एसीचा खर्च वाचलाच आहे."

महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी वीज आली. काकांनी सगळ्यांत आधी वरची खोली सुरू केली. नवरा बटणापाशी उभा होता, तो बाजूला झाला. मी एकेक करत बारा बटणं दाबली, आदल्याच दिवशी दुकानातून आणलेली तिन्ही मशिनं बोलायला लागली, आणि दोनशेतला पहिला गाऊन त्याच दुपारी झाला. दिवेलागणीला खाली उतरले तर दारावरचा पन्नासावा दिवा कुणीतरी लावून ठेवला होता. पंधरा वर्षं मी दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखालून कामाला गेले. या पाटीवर माझं नाव होतं, आणि ते रस्त्यापलीकडूनही वाचता येत होतं.