पैलवान आणि दोन नंबरचा माग

करंट गेला आणि जोतिरामनं कान टवकारले.

घरातले चार यंत्रमाग बंद पडले म्हणून नव्हे. वडगावात करंट जातो, माग थांबतात, माणसं चहा पितात, करंट येतो. त्यात कान टवकारायचं काही कारण नाही. पण चारी माग थांबून घर गप्प झालं, की पाठोपाठ तो आवाज यायचाच. आताही आला. धप्प! मग परत धप्प! आणि मागोमाग बायकोची, बायाक्काची हाक.

"अवो, उठला बघा तुमचा पैलवान! आज काच फोडतोय ह्यो!"

जोतिराम हातातला मागाचा धोटा तसाच घेऊन पळाला. मागाची खोली आणि घराचा पुढचा सोपा यांच्यात एकच भिंत. त्या भिंतीला लागून चार फुटी काचेची टाकी, आणि टाकीत पैलवान. काळी पाठ, पांढरं पोट, लालभडक शेपूट, आणि मिशा तर अशा, की तालमीतल्या वस्तादानं लाजावं. लांबी सव्वादोन फूट. टाकीची रुंदी दीड फूट. वळायचं म्हटलं की त्या बिचाऱ्याला शेपूट दुमडून, अंग वाकवून, काचेला घासतच वळावं लागायचं. आता तर तो वळतही नव्हता. सरळ जाऊन नाकाड काचेवर आपटत होता.

"अरं हो, हो! थांब रं जरा," म्हणत जोतिरामनं बॅटरीचा पंप चालू केला. बुडबुडे सुटले. करंट गेला की फिल्टर बंद पडतो, हवा तुटते, म्हणून हा बिथरतो, असा घरातल्या सगळ्यांचा हिशेब होता. पण पंप लावला तरी धप्प चालूच. पाऊण तासानं करंट आला, माग खडखडायला लागले, तेव्हा कुठं तो तळाला बसला. बायाक्का फडकं घेऊन टाकीचा कोपरा पुसत होती. काचेच्या जोडातून पाण्याची बारीक धार लागली होती.

"आता बोला," ती म्हणाली. "भिंतीपलीकडं मागावर साडीचा ताणा लावलाय. टाकी फुटली तर मासा बी जाईल आन ताणा बी."

जोतिरामनं दुसरं फडकं घेऊन धार दाबून धरली. सगळा कारभार त्याचाच.

तीन वर्षांपूर्वी बेळगावच्या बाजारात एका दुकानात त्यानं हा घेतला. तेव्हा होता चार बोटांचा. इवल्याशा मिशा हलवत असा बघत होता, की जोतिराम तिथंच विरघळला. "मोठा हुतोय काय हो ह्यो?" त्यानं विचारलंही होतं. दुकानदार म्हणाला, "मासा टाकीच्या मापातच वाढतोय काका. टाकी ल्हान, तर मासा ल्हान." आणि जोतिरामनं मान डोलवली! आता सांगा, पायात लहान चप्पल घातली म्हणून पोराचा पाय वाढायचा थांबतो का? पण आवडीपुढं माणसाची अक्कल गहाण पडते. दोन महिन्यांत टाकीतले बाकीचे मासे एकेक करून पैलवानाच्या पोटात गेले. एक फुटाची टाकी गेली, दोन फुटाची आली, मग चार फुटाची. सोप्यातला बाक गेला, टीव्ही आत गेला. पोरगी राणी शाळेत शिकवायची. तिनं एकदा फोनवर वाचून बापाला सांगितलं, "आप्पा, ह्यो चार फूट हुतोय. वीस वर्सं जगतोय. घरात ठेवायचा मासाच न्हाय ह्यो." त्या दिवसापासून जोतिरामच्या जिवाला चैन नव्हती. मागावर उभा असला तरी कान भिंतीकडं.

आणि सल्ले देणारे तर पायलीचे पन्नास. कुणी म्हणे तळ्यात सोड, कुणी म्हणे विहिरीत टाक. शेजारचा विक्रम टेम्पो चालवायचा, तो रोज विचारायचा, "मामा, रस्सा कधी?" एक गोष्ट मात्र सगळेच सांगायचे : "मागाच्या खडखडाटानं येडं झालंय ते. शांत जागी नेऊन सोडा." जोतिरामलाही ते पटलं होतं. आयुष्य त्या आवाजात काढलेला माणूस, आवाजाचा दोष त्याला पटायला वेळ लागत नाही.

जोड गळायला लागल्यावर राणीनंच जागा शोधली. नंदगडच्या अलीकडं एका वाडीत रवळूअण्णा म्हणून होते. बेळगावात कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त होऊन शेती बघायचे. लोकांना न झेपलेले मोठे मासे ते सांभाळायचे. छपराखाली सोळा फूट बाय दहा फुटाची सिमेंटची टाकी, कमरेएवढ्या भिंती, थंडीत पाणी कोमट ठेवायची सोय, करंट गेला तरी चालणारा पंप. फोनवर त्यांनी आधी जोतिरामची उलटतपासणी घेतली. काय खातोय, पाणी किती दिवसांनी बदलता, अंगावर जखम हाय काय. मग म्हणाले, "आणा. पण माझा एक नेम हाय. आणणाऱ्यानं म्हयन्यातनं एकदा यायचं. टाकून जाणाऱ्याचा मासा मी घेत न्हाय."

दोन दिवस पैलवानाला उपाशी ठेवलं, म्हणजे वाटेत पाणी घाण होणार नाही. विक्रमच्या टेम्पोत रुंद तोंडाचा भला मोठा निळा ड्रम, त्यात टाकीतलंच पाणी, बॅटरीचा पंप, वर जाळी. जोतिराम मागं ड्रमला मिठी मारून बसला. खानापूरच्या पुलावर विक्रमनं गाडी बाजूला घेतली आणि उतरून मागं आला.

"मामा, एक सांगू? खाली मलप्रभा वाहतीया. एवढी नदी सोडून शिमिटाच्या टाकीत कशाला? सोडू या हितंच. मोकळा हुईल बिचारा. तुमी बी मोकळं."

जोतिरामनं खाली बघितलं. खोटं कशाला बोला, त्याचं मन डळमळलं. पाच मिनिटांचं काम. महिन्याच्या फेऱ्या नकोत, कुणाची उलटतपासणी नको. पाणी असं मोकळं पसरलेलं, की पैलवानाला एकदा तरी त्यात पसरून वळलेलं बघावं, असं त्याला आतून वाटलं. काठाजवळ बारक्या माशांचा थवा चमकत होता. जोतिरामला आपली पहिली टाकी आठवली. एकेक करून नाहीसे झालेले ते मासे आठवले.

"नगं," तो म्हणाला. "थंडीत ह्यो मरंल, आन न्हाय मेला तर हितलं सगळं खाऊन बसंल. ती काय आपली टाकी हाय? चूक माझी, आन भोगायची नदीनं व्हय? चल, गाडी काढ."

"तुमी बी कमाल करता मामा," म्हणत विक्रमनं गाडी काढली.

रवळूअण्णांनी घाई केली नाही. तासभर ड्रममध्ये थोडं थोडं नव्या टाकीचं पाणी घातलं, आणि मग दोघांनी ओल्या चादरीच्या झोळीतून पैलवानाला आत सोडलं. जोतिराम श्वास रोखून उभा. आता हा पसरणार, वळणार! पण पैलवान सरळ खाली गेला आणि कोपऱ्यात भिंतीला नाक लावून बसला. टाकी सोळा फुटांची, आणि ह्याला जागा लागली सव्वादोन फुटांची.

"बुजलाय," रवळूअण्णा म्हणाले. "हुईल."

पण होईना. आठ दिवस झाले, खाल्लं नाही. पंधरा झाले, खाल्लं नाही. रवळूअण्णा फोनवर धीर द्यायचे, "मोठा मासा जागा बदलली की रुसतोय. म्हयनाभर बी खात न्हाय कधी कधी." जोतिराम 'व्हय, व्हय' म्हणायचा आणि फोन ठेवला की त्याच्या हातातून धागे सुटायचे. तो जेवायला बसे आणि दोन घासांत उठे. "तुमी कशाला उपास धरलाय?" बायाक्का ओरडायची, आणि मग स्वतःच विचारायची, "खाल्लं का त्यानं?"

अठराव्या दिवशी त्याच्यानं राहवेना. सकाळची बस धरून तो वाडीवर गेला. पैलवान त्याच कोपऱ्यात. पोट आत गेलेलं, मिशा तळाला टेकलेल्या. कोळंबी पुढं टाकली, तर ती पाण्यात तशीच पडून. आपण ह्याला मारायलाच इथं आणलं, असं जोतिरामला वाटलं.

"जेवा आन वाइच पडा," रवळूअण्णांनी टाकीशेजारी बाज टाकून दिली. "बघत बसून काय खातोय व्हय त्यो?"

जोतिराम पडला. भर दुपार, गार सावली, लांब कुठं तरी एखादं पाखरू. ह्या कुशीवर झाला, त्या कुशीवर झाला. अंगात नुसती तगमग. घरी चार माग धडधडत असताना भिंतीला टेकून डुलकी काढणारा माणूस, आणि इथं एवढ्या शांततेत डोळ्याला डोळा लागेना. "काय ही जागा!" तो मनात चरफडला. "एक आवाज न्हाय. असल्यात माणसाला झोप यायची तरी कशी?"

आणि तो ताडकन उठून बसला.

अरे देवा! पैलवान बिथरायचा कधी? माग चालू असताना कधीच नाही. माग थांबले की! चार बोटांचा होता तेव्हापासून त्यानं खडखडाटच ऐकलेला. करंट जायचा, सगळं गप्प व्हायचं, आणि त्याचं जगच थांबायचं. हवा नव्हे, फिल्टर नव्हे. आणि आपण शहाण्यांनी त्याला उचलून आणलं ते नेमकं शांत जागी!

जोतिरामनं आजूबाजूला बघितलं. एक लाकडी फळी सापडली. ती टाकीच्या भिंतीवर धरून त्यानं दोन नंबरच्या मागाची चाल धरली. घरी पैलवानाच्या भिंतीला लागून होता तो दोन नंबरचाच. खटाक फट, खटाक फट. तीस वर्षं हाडात मुरलेली चाल, चुकणार कशी? रवळूअण्णा चहा घेऊन आले ते बघतच राहिले. घामानं भिजलेला माणूस फळी बडवतोय आणि पुटपुटतोय, "ऊठ रं राजा. ऊठ. मी हाय हितं."

पहिल्यांदा मिशी हलली. मग दुसरी. मग ते काळं धूड भिंतीपासून सुटलं, संथपणे आवाजाच्या बाजूला आलं, आणि वाटेतली कोळंबी घपकन आत गेली.

"खाल्ली!" जोतिराम पोरासारखा ओरडला. "रवळूअण्णा, खाल्ली ओ!"

"म्हयन्याच्या आतच उठला. उठणारच हुता म्हणा," रवळूअण्णा हसले. खरं कारण काय ते पैलवानालाच ठाऊक. पण जोतिराम कुणाचं ऐकतोय?

दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू झाला. रोज पाच वाजता जोतिराम फोन लावायचा. तिकडं रवळूअण्णा आपला भजनाचा स्पीकर फोनला जोडून टाकीच्या भिंतीवर ठेवायचे. इकडं जोतिराम दोन नंबरच्या मागाजवळ दहा मिनिटं फोन धरून उभा. गल्ली हसून लोटपोट. विक्रम म्हणायचा, "मामा, माशाला साडी नेसवताय व्हय?" हसू देत. "खातोय लेकाचा," एवढं रवळूअण्णांकडून ऐकलं, की जोतिरामला रात्रीचं जेवण गोड लागायचं.

पाच आठवडे असे गेले. मधल्या एका रविवारी तो नेमाप्रमाणं जाऊन आला, तेव्हा पैलवान फळी न बडवताच वर आला होता. जोतिरामनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मग एका संध्याकाळी दहा मिनिटं झाली, जोतिरामनं फोन कानाला लावला आणि नेहमीचं विचारलं.

"खाल्लं न्हवं?"

"खाल्लं की. जोतिअण्णा, एक सांगतो, राग मानू नका. आठ दिस झालं, मी स्पीकर लावतच न्हाय. एक दिवस विसरलो, तरी त्यानं खाल्लं. तवापासनं बघतोय. आता त्याला लागत न्हाय त्यो आवाज. तुमी एवढ्या मायेनं फोन धरताय, म्हणून सांगायला जीभ उचलंना."

आठ दिवस. आठ दिवस जोतिराम हात भरून येईपर्यंत फोन धरून उभा होता, आणि पलीकडं एक भला माणूस मुकाट्यानं ऐकत बसला होता.

"लई बरं झालं की ओ," जोतिराम म्हणाला. "लई बरं झालं. फिरतोय न्हवं सगळीकडं?"

"टाकी कमी पडाय लागलीया त्याला," रवळूअण्णा म्हणाले. "या बघायला."

जोतिरामनं फोन खिशात ठेवला आणि परत मागाला लागला. दहा मिनिटंही झाली नसतील, करंट गेला. चारी माग थांबले. जोतिरामचे पाय आपसूक सोप्याकडं वळले, कान भिंतीला लागले. धप्प आलंच नाही. सोप्यात भिंतीला लागून चार फुटांची रिकामी जागा, फरशीवर टाकीच्या पायांचे चार डाग. बायाक्का फडकं हातात घेऊन तिथंच उभी होती. करंट गेला की ती सवयीनं फडकं घेऊन यायची.

जोतिरामनं तिला सगळं सांगितलं.

"ह्या रविवारी मी बी येतो," मग ती म्हणाली. "बघतो तरी, शेपूट न दुमडता कसा वळतोय त्यो."

जोतिरामनं मान हलवली. काहीतरी बोलायला गेला आणि त्याला रडूच फुटलं. बायाक्कानं हातातलं फडकं त्याच्यापुढं धरलं, आणि करंट येईपर्यंत दोघं त्या रिकाम्या जागेत बसून राहिली.