फोटोतले दात

"मॅडम, आमच्या वर्गात सगळ्यात घाणेरडं तोंड कुणाचं?"

हा प्रश्न विचारायची पैज मला भोंगा आणि टाचणीने लावली होती. या माझ्या दोन मैत्रिणी. भोंगा कुजबुजली तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं आणि टाचणी जिथे तिथे टोचते. पण खरी वेळ आली की दोघी बाकाखाली, आणि उडी मारायला मी! मारतेही म्हणा. यंदा दहावीत आल्यापासून मी कुणाला घाबरायचं सोडून दिलंय.

दातांच्या मॅडम शाळेच्या वाचनालयात सगळ्या वर्गाची तोंडं तपासून, टॉर्च बंद करून, "काही प्रश्न?" म्हणाल्या होत्या. माझा प्रश्न ऐकून वर्ग खिदळला. मागच्या बाकावरच्या एकाने तर तोंडावर वहीच धरली. त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही, पण त्याच्याशी बोलताना आम्ही सगळेच दोन पावलं मागे सरकतो.

मॅडमनी हातमोजे काढता काढता मला नीट पाहून घेतलं. "दुसऱ्याच्या तोंडातलं मी सांगत नसते. तुझं सांगू?"

"सांगा की!" मी बत्तिशी दाखवत म्हटलं. मला काय भीती? माझ्या बाबांचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याच्या काचेत माझा दोन फुटी हसरा फोटो लावलाय. दात असे की लोक आत येऊन विचारतात, पोरगी कुठली पेस्ट वापरते हो?

"खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटण साचलंय, पिवळं, दगडासारखं. हिरडीला नुसती काडी लागली तर रक्त आलं. उजवीकडची खालची दाढ किडलीय. घासतेस किती वेळ?"

"दोन मिनिटं."

"खरं सांग."

"...बादली भरेपर्यंत."

"बादली केवढी?"

भोंगा अशी हसली की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. म्हणे मैत्रीण!

"आणि रात्री?" मॅडमनी विचारलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. रात्री दात घासणारी माणसं फक्त जाहिरातीत असतात असं माझं ठाम मत होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. त्यांनी एक कागद दिला. "दाढ अजून वाचेल. आता कीड काढून भरून टाकली तर. वर्षभर अशीच ठेवलीस तर कीड आतल्या नसेपर्यंत जाईल, मग रात्रंदिवस ठणकेल आणि कदाचित काढावी लागेल. ही दाढ पुन्हा येत नाही. गुरुवारी चार वाजता दवाखान्यात ये. आई किंवा बाबांची सही लागेल."

सही! तीच तर अडचण. आमच्या घरात दातदुखीवर दोनच औषधं आहेत : 'उद्या बघू' आणि 'काढून टाक'. बाबांनी चार दाढा अशाच घालवल्यात आणि आता ते गायीसारखे एका बाजूने चावतात. वर अभिमान किती! "आमच्या घराण्यात दात टिकतच नाहीत." जणू काही राजघराणं आहे आणि ही त्याची वंशपरंपरागत खूण.

मी कागद काउंटरवर ठेवला. बाबा एका काकांच्या पासपोर्ट फोटोसाठी "हनुवटी वर, तोंड मिटून" करत होते. काका गेल्यावर त्यांनी कागद वाचला आणि स्टेपलरखाली सारला.

"शाळेत येऊन गिऱ्हाइकं गोळा करतात हे लोक. दुखतेय का तुझी दाढ?"

"नाही."

"मग? दुखेल तेव्हा काढून टाकू. विषय संपला."

"आणि किटण?"

"अजिबात काढायचं नाही! किटण काढलं की दात ढिले होतात. त्याच्यावरच तर टिकून असतात."

म्हणजे भिंत घाणीवर उभी आहे, तेव्हा घाण पुसू नका! हे शास्त्र कुठल्या शाळेत शिकवतात?

आई पावत्या लावत होती. ती म्हणाली, "हिरडीतून रक्त येतं ना, तिथे ब्रशच लावू नकोस. मी तेच करते. जखमेला आराम दिला की भरते."

मॅडमनी याच्या बरोबर उलट सांगितलं होतं. घाण साचते म्हणून हिरडी सुजते आणि रक्त येतं, तेव्हा तिथेच मऊ ब्रशने हळूहळू घासायचं. आई मात्र दात घासते कडक ब्रशने, तवा घासल्यासारखी, आणि हिरडीपाशी आली की वळसा घालते. मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मोठी आलीस दातांची डॉक्टरीण."

दोघं वर जेवायला गेले. मला काउंटर सांभाळायला बसवलं. मी काचेतला माझा फोटो मागून बघितला, दिव्यात. आणि पहिल्यांदा डोक्यात आलं, की हे दात माझे असतील तर वाचनालयात मॅडमनी कुणाचं तोंड पाहिलं?

बाबांची एक सवय आहे. फोटोवर हात फिरवण्याआधीची प्रत ते कधी पुसत नाहीत. कॉम्प्युटरवर 'मूळ' नावाचा एक कप्पाच आहे. त्यात माझा फोटो सापडला. पिवळे दात, खाली कडेने तपकिरी रेघ. म्हणजे ज्या हसण्याच्या जोरावर मी वर्गात मान ताठ करून फिरते ते माझ्या बापाने माऊसने घासलं होतं! मी मात्र बादलीत खूश. माझ्याएवढं बावळट दुसरं कोण असेल?

त्याच कप्प्यात आईबाबांचे लग्नाच्या वाढदिवसाचे फोटो होते. दरवर्षी त्याच पडद्यासमोर, त्याच स्टुलावर. गेल्या सात वर्षांचे सात. भिंतीवरच्या चौकटीत आई सातही वर्षं तशीच हसते. 'मूळ'मध्ये तशी हसत नव्हती. पहिल्या वर्षी दात बरे. तिसऱ्या वर्षी हिरडी लाल आणि फुगलेली. चौथ्या वर्षी पुढचे दोन दात लांब झाल्यासारखे. दात कुठले लांब होतात, हिरडी वर सरकली होती. सहाव्या वर्षी त्या दोन दातांमध्ये फट. सातव्या वर्षी एक दात सरळ पुढे आला होता आणि आईने वरचा ओठ ओढून त्याच्यावर पांघरूण घातलं होतं.

मी सातही छापले आणि कटिंगच्या टेबलावर ओळीने मांडले.

आई खाली आली. तिने सगळे पाहिले. मग एकेक हातात घेऊन पाहिले.

"मला वाटायचं आरसाच जरा जास्त दाखवतो," ती म्हणाली. "फोटोत तर नीट दिसायचे."

मागून आलेल्या बाबांनी टेबल पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. "गिऱ्हाइकांचं करतो तसंच केलं. वाईट दिसू नये म्हणून. गेली चार वर्षं पहिल्या फोटोतले दात उचलून बसवतोय."

"चार वर्षं?" मी म्हटलं. "म्हणजे घरात सगळ्यात आधी तुम्हालाच कळलं होतं! मोठा करून, जवळून, एकेक दात बघितलात. आणि केलंत काय? रंगरंगोटी! दवाखान्यातल्या त्या खुर्चीत बसायची भीती तुम्हाला, आणि दात घालवायचे आम्ही?"

"आवाज खाली," बाबा म्हणाले. पण त्यांचाच आवाज इतका खाली होता की मला वाईट वाटायला लागलं. मी ते लगेच आवरलं. वाईट वाटलं की या घरात 'उद्या बघू' सुरू होतं.

आईने जिभेने पुढचा दात हळूच ढकलून पाहिला. "हलतो गं," ती म्हणाली. मग स्टेपलरखालचा कागद ओढून तिने उभ्या उभ्याच सही केली. बाबा पेनकडे बघत राहिले.

मी स्टुडिओच्या फोनवरून दवाखान्यात विचारलं आणि परत येऊन दोघांसमोर उभी राहिले.

"ऐका. माझी दाढ कुणीही काढणार नाही. गुरुवारी चारला ती भरून घेतेय आणि किटणही काढतेय. साडेचारला आई, तुझा नंबर लावलाय. हिरड्या दाखवायच्या, हलणारा दात वाचतो का ते मॅडम सांगतील, आपण नाही. बाबा, तुमचा नंबर लावलेला नाही. तुम्ही दुकान बंद करून आमच्याबरोबर यायचं आणि बाहेरच्या बाकावर बसून ठरवायचं, पाचचा मोकळा आहे तो घ्यायचा की नाही."