न मागता मिळालेली सुट्टी

जुब्रानला समुद्र सोसत नाही. आमच्या जीझान बंदराच्या धक्क्याला बांधलेली बोट नुसती डुलली तरी त्याचा चेहरा उतरतो. लग्नानंतर मी कितीदा म्हटलं, फरसान बेटावर जाऊ या, आणि दर वेळी त्याने मला गाडीत घालून डोंगरात नेलं. म्हणून त्या दिवशी जेवताना तो आपणहून म्हणाला, "गुरुवारी फरसानला जाऊ. शनिवारी परत," तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"तू? बोटीतून?"

"लिंबू घेईन की बरोबर."

बोटीत लिंबाचा काही उपयोग झाला नाही. पोट जरा स्थिरावल्यावर त्याने खिशातून सोन्याची बांगडी काढली आणि माझ्या हातात चढवली. ना ईद, ना काही.

मी पिण्याचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाही. पण दुसरा नमुनाही तसाच निघाला की तिसरी बाटली उघडताना हात सावध होतो.

माझ्या बहिणीला, बद्रियाला, तिच्या नवऱ्याने असंच अचानक अबहाला नेलं होतं. थंड हवा, मध, गळ्यात नवा हार. परतीच्या घाटात गाडी चालवता चालवता त्याने सांगितलं की आपण दुसरं लग्न केलंय. आमच्याकडे अशा भेटीला रदावा म्हणतात. दुसरी आणायची तर पहिलीचा रुसवा आधी काढून ठेवायचा. बद्रिया अजून म्हणते, "हार फार जड होता गं. तेव्हाच ओळखायला हवं होतं."

आम्हाला मूलबाळ नाही. सासूबाई दर शुक्रवारी जेवायला बोलावतात आणि दर शुक्रवारी कुणाला तरी नातू झाल्याचं सांगतात. बांगडी हातात फिरवत मी तिच्या वजनाचा अंदाज घेतला. हलकी नव्हती.

आमची खोली अगदी किनाऱ्यावर होती. मालकीण सादिया खाला. जाड, हसरी, पुढचा एक दात पडलेला. तिने आम्हाला खालून वरपर्यंत पाहिलं.

"नवं लग्न वाटतं?"

"नाही खाला, जुनं आहे."

"जुनं? मग एवढे लाड कसले?" तिने माझा हात उजेडात धरला. "सोनं नवं, सुट्टी नवी. बये, जपून हो. माझ्या म्हाताऱ्याने मला असंच उमऱ्याला पाठवलं होतं, थेट मक्क्याला. मी पापं धुऊन परत आले, तर माझ्या चुलीपुढे दुसरीच बसलेली!" आणि ती पोट धरून हसली.

जुब्रान हसला नाही. त्याने बॅगा उचलल्या.

दुपारी वाळू पायाला चटके देत होती. आम्ही झापाच्या सावलीत बसलो. वारा गरम आणि ओला, अंगावर टाकलेल्या फडक्यासारखा. मी समुद्राकडे पाहत होते असं त्याला वाटलं असेल. मी त्याच्याकडे पाहत होते. त्याने फोन बंद करून बॅगेच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवला होता.

"इथे नेटवर्क नाही," तो म्हणाला.

माझ्या फोनवर बद्रियाचा व्हिडिओ न अडखळता चालू होता.

जेवताना त्याने माझ्या माशाचे काटे काढून दिले. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. संध्याकाळी गावातून मोगऱ्याचा गजरा आणला आणि स्वतः माझ्या केसांत माळला. जीझानमध्ये बायकोला मोगरा आणणं काही नवलाचं नाही, पण जुब्रानला त्या वासाने शिंका येतात. तो शिंकत राहिला आणि "छान दिसतेस" म्हणत राहिला.

शुक्रवारी नमाजानंतर तो पँट दुमडून उथळ पाण्यात जाऊन उभा राहिला. माझा फोन वाजला. सासूबाई.

"जुब्रान कुठाय? त्याचा फोन का लागत नाही?"

"समुद्रात आहे, अम्मा."

"समुद्रात? माझा जुब्रान? कुठल्या समुद्रात?"

"फरसानला."

"या अल्लाह! आज मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतर माणसं यायची आहेत. त्याला सांग."

"कोण माणसं, अम्मा?"

"ते त्यालाच विचार," त्या म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता. तो मऊपणा मला सगळ्यात वाईट वाटला.

मी अबाया न सावरताच पाण्यात शिरले आणि बांगडी काढून त्याच्यापुढे धरली.

"तिचं नाव काय?"

कुणाचं, असं त्याने विचारलं नाही. "रीम," तो म्हणाला.

"झालं लग्न?"

"नाही. आज व्हायचं होतं. आईने ठरवलं, तिच्या वडिलांना शब्दही दिला. मला सोमवारी कळलं."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी इथे आहे ना! बोटीत आतडी बाहेर येईस्तोवर ओकलो, ते कुणासाठी?"

मला हसू येणार होतं. मी ते आवरलं. "नाही म्हणालास का, एवढंच विचारतेय."

तो वाकून पँट आणखी वर दुमडू लागला. बारीक मासे त्याच्या पायांभोवती घोटाळत होते.

"आणि शनिवारी परत गेल्यावर?"

"बघू."

"बांगडी कशाला मग?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"कशाचं, जुब्रान?"

त्याने नजर बांगडीवरून किनाऱ्याकडे वळवली. तेव्हा मला कळलं की लग्न होवो की न होवो, बांगडी दोन्हीकडे चालेल अशा हिशेबाने त्याने ती घेतली होती. हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी सासूबाईंचा नंबर लावून माझा फोन त्याच्या हातात दिला.

"इथे नेटवर्क—"

"कालपासून आहे."

पलीकडून सासूबाईंचा आवाज मलाही स्वच्छ ऐकू येत होता. "बोट चुकली का रे? तसं असेल तर सांग, मी त्यांना उद्याचं कळवते."

जुब्रानने माझ्याकडे पाहिलं. आई त्याला आयती पळवाट देत होती, आणि त्याच्या ओठांची हालचाल सुरू झालेली मला दिसली.

"नाही, आई," तो अखेर म्हणाला. "बोट आहे. मीच येत नाहीये. उद्याही नाही. मला दुसरं लग्न करायचं नाही. तिच्या वडिलांची माफी मी स्वतः जाऊन मागेन."

पलीकडे बराच वेळ आरडाओरडा चालला. त्याने फोन कानापासून थोडा लांब धरला, पण बंद केला नाही.

नंतर त्याने बांगडी माझ्या हातात घालायला घेतली.

"राहू दे. ईदला दे," मी म्हटलं.

ती मीच पर्समध्ये ठेवली. ईद अजून लांब होती. तोवर मला अजून बरेच नमुने पाहता येणार होते.