वारलूच्या अंगठ्याखालची चिंधी

माझ्यात आता बैल पाणी पितात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, आणि मधेच शेजारची एक आगाऊ म्हैस तोंड घालून जाते. येणारे-जाणारे मला डोणी म्हणतात. म्हणोत बापडे. मी मात्र अजून स्वतःला डोंगाच समजतो, कारण अकरा वर्षं मी वैनगंगेवर माणसं अल्याड-पल्याड नेली आणि माझ्या पोटात बसून माणसं काय काय बोलतात ते सगळं ऐकलं.

जन्मानं मी नाल्याकाठचं अर्जुनाचं झाड. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावच्या कोलूनं मला पाडलं. पाडण्याआधी त्यानं माझ्या पायाशी तांदूळ ठेवले आणि गोंडीत काहीतरी पुटपुटला. माफी मागितली असावी. मग कुऱ्हाडीनं आणि विस्तवानं तो मला दीड महिना कोरत बसला. माणूस कसबी, पण एका दुपारी विस्तव जरा जास्त भडकला आणि माझ्या मागच्या टोकाला, नावाडी उभा राहतो त्या जागेजवळ, बोटभर लांबीची चीर गेली.

कोलूनं ती लपवली नाही. मला घ्यायला आलेल्या वारलूला त्यानं आधी ती चीरच दाखवली. "भाऊ, इथी चूक झाली माही. रोज चिंधी ठोसजो, मंग काई होत नाई."

वारलू म्हणजे सावली गावाच्या पुढच्या घाटावरचा ढिवर. बापही नावाडी, आजाही नावाडी. त्यानं कोलूचं म्हणणं असं काही मनावर घेतलं की अकरा वर्षांत एक सकाळ चुकली नाही. रात्रभर पाण्यात राहून चिंधी सैल व्हायची. सकाळी जुनी काढायची, नवी राळेत आणि मोहाच्या बियांच्या तेलात बुडवायची, चिरेत घालायची आणि डाव्या अंगठ्यानं तीनदा दाबायची. त्याचा तो अंगठा मी माझ्या सालीसारखा ओळखतो.

आता जरा माणसांबद्दल बोलतो, राग मानू नका. एकाच खेपेत बसलेली आठ माणसं पल्याड उतरली की आठ वेगळ्या खेपा सांगतात. सासरी निघालेल्या पोरीला फक्त मागं पडणारा काठ आठवतो. मासळीवालीला तिची टोपली कोणी सरकवली ते आठवतं, नदीला पूर होता हे आठवत नाही. ज्याकडे लक्ष तेवढंच आत जातं, बाकीचं पाण्यावरून वाहून जातं. बरं, आत गेलेलंही जसंच्या तसं राहत नाही. बाजाराच्या दिवशी ऐकलेली गोष्ट पुढच्या बाजाराला तोच माणूस पुन्हा सांगायचा, तेव्हा तिला एक शेपूट फुटलेलं असायचं, आणि तो शपथेवर सांगायचा की शेपूट पहिल्यापासून होतं. मला गंमत वाटायची. तेव्हा सगळीच गंमत वाटायची.

आणि रोजचं काम तर माणसाला मुळीच आठवत नाही. वारलूला कोणी विचारलं असतं, परवा सकाळी चिंधी ठोसताना काय झालं, तर त्याला एक अक्षर सांगता आलं नसतं. हात आपोआप चालायचा आणि मन दुसरीकडे असायचं. चार हजार सकाळी एकीवर एक बसून एकच सकाळ झाली होती. चूक झाली असती तर तेवढीच वेगळी आठवली असती, पण चूक कधी झालीच नाही.

चोपन्न सालच्या पोळ्याला वारलूची लेक मनकर्णा माहेरी आली होती. सासर पल्याडच्या काठाला. एकुलती एक, वर्षभरापूर्वी माझ्यातच बसून नांदायला गेलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं हिरवं लुगडं कुंपणाच्या काट्याला अडकून काठाशी फाटलं. तिसऱ्या दिवशी ती परत निघाली, तेव्हा त्या फाटक्या लाल काठाची पट्टी तिनं घाटावरच टरकन फाडली आणि बापाच्या हातात दिली. "बाबा, हे घ्या. नवं कापड हाय, घट्ट बसन."

वारलूनं ती राळेत बुडवली, चिरेत घातली, तीनदा दाबली. हे मी सांगतो, कारण अंगठा माझ्या अंगात रुतला होता. आई रुखमाबाई काठावर उभी होती, पण तिचे डोळे लेकीच्या बोचक्यावर होते. तिनं पट्टी फाडताना पाहिलं, ठोसताना पाहिलं नाही. आणि वारलू त्या वेळी लेकीशी बोलत होता, सासूला सांग, दिवाळीला पुन्हा पाठवा म्हणावं. त्याचंही लक्ष हाताकडे नव्हतं.

आठ माणसं बसली. सावलीकडचे धानवाले सोमाजी पुढं, पल्याडच्या जंगलगावची इतवारी मधे, मनकर्णा बापाजवळ, बाकीचे पलीकडचे. पाणी गढूळ आणि चढलेलं, पण वारलूनं याहून वाईट पाणी पाहिलं होतं. मधोमध आलो आणि सोमाजी उठून उभे राहिले आणि ओरडले, "मगर! मगर हाय बाप्पा!"

मगर नव्हती, वाहून आलेलं खोड होतं. ते माझ्याच जातीचं, मला नाही तर कोणाला कळणार. पण सगळे एकदम डाव्या अंगाला सरकले. वारलू जिवाच्या आकांतानं ओरडला, "बसा! बसा खाली!" कोणी बसलं नाही. माझी कड पाण्याखाली गेली आणि मी उलटलो.

वारलूनं बुडी मारून हाताला आलेलं मनगट धरलं आणि काठापर्यंत सोडलं नाही. वर आल्यावर पाहिलं तर ती इतवारी होती. मनकर्णा दुसऱ्या दिवशी कोसभर खाली सापडली. आणखी दोघं गेली, नवराबायको. मला पुरानं ओढत नेलं आणि एका वळणावर वाळूत पुरलं. चीर आणि चिंधी दोन्ही वाळूखाली गेली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नंतर वारलूच्या अंगणात, मी आता आहे तिथं, पाच जणांच्या तोंडून पाच तऱ्हांनी ऐकलं, आणि जिथं पाचही जुळतात तेवढंच तुम्हाला सांगतो.

त्या दिवशी काठावर ओलेत्यानं बसलेली माणसं एकच बोलत होती, की सगळे एका अंगाला झाले आणि डोंगा पलटला. चौकशीचे साहेब नवव्या दिवशी आले. माणूस वाईट नव्हता. उन्हातून आलेला, पुढं आणखी दोन गावं करायची होती. येता येता त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं की डोंग्याला जुनी चीर होती. त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि पहिलाच प्रश्न केला, "भोकातून पाणी येत होतं, ते तुम्हाला पहिल्यांदा कधी दिसलं?"

पाणी येत होतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. कधी दिसलं, हे विचारलं.

मग सोमाजी म्हणाले, "मधोमध आल्यावर, जी." इतवारीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हाव, माह्या पायाले गार लागलं होतं." लागलं असणारच. घाटावरून ओल्या पायांनी चढणाऱ्या माणसांचं पाणी माझ्या तळाला नेहमीच असायचं. पण आता त्या गारव्याला भोक मिळालं होतं. तिसऱ्यानं धार पाहिली. चौथ्यानं धारेचा आवाजही ऐकला.

सोमाजी खोटं बोलले, असं तुम्हाला वाटत असेल. ते खोटं बोलले असते तर मला इतकं भ्यायला झालं नसतं. त्यांना खरोखर धार दिसत होती. नऊ दिवस त्या माणसाला एक ओरडणं छातीवर घेऊन झोप नव्हती, आणि साहेबांनी त्याच्या हातात एक भोक दिलं. ते त्यानं धरलं. महिन्याभरात स्वतःची आरोळी त्याच्या डोक्यातून पार पुसली गेली.

वारलू त्या दिवशी ठाम होता. "ठोसली होती साहेब. रोज ठोसतो."

साहेब म्हणाले, "रोजचं राहू द्या. त्या दिवशीचं सांगा. ठोसताना काय आठवतं?"

वारलू आठवू लागला आणि त्याला काहीच सापडेना. चार हजार सकाळींमधली ती एक सकाळ कुठून काढणार? दुखवट्यातून उठलेला माणूस, पापणी मिटली की लेक दिसणारा. तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याचाच निकाल झाला.

साहेबांनी यापुढं त्याला होडी चालवायची मनाई केली आणि ते गेले. खरी शिक्षा घरात सुरू झाली. एकदा, फक्त एकदाच, रुखमाबाईनं त्याला विचारलं, "खरं सांगा, ठोसली होती का?"

"रोज तं ठोसतच होतो."

"मी रोजचं नाई विचारून राह्यली."

हे वाक्य तिनं रागानं म्हटलं नव्हतं. पण ती अजून म्हणते, जीभ का नाही झडली माझी. कारण त्या दिवसापासून वारलू रोज ती सकाळ मनात पुन्हा उभी करू लागला. लेक बोलते, आपण हसतो, हात रिकामाच राहतो, चीर उघडी. पहिल्यांदा ते अंधुक होतं. रोज घासून घासून लख्ख झालं. दिवाळीपर्यंत त्याला चिरेतून आत येणारं पाणी, त्याचा गढूळ रंग, मनकर्णाच्या पायाभोवतीचा फेस, सगळं दिसू लागलं. दिवाळीला गावच्या पाराजवळ उभं राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं, "माही पोरगी म्याच मारली. मी विसरलो होतो."

मी पुरलेला होतो. लाकडावर ओरखडा पडला तर तो तेवढाच राहतो, कोणी विचारलं म्हणून लांबत नाही. पण ओरखड्याला तोंड नसतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला नदी आटली. घाटावरचा इसरू डांगराचे वेल लावायला वाळूत खड्डे करत होता, त्याची कुदळ माझ्या पाठीवर आपटली. बातमी गावात गेली. सोमाजी आले, इतवारी पल्याडून आली, कोलूलाही निरोप गेला. काही म्हणाले, अपशकुनी लाकूड, जाळून टाका. रुखमाबाई कोणाशी बोलली नाही. ती गुडघ्यावर बसली आणि हातांनी माझ्या मागच्या टोकाची वाळू काढू लागली.

चिरेत चिंधी होती. राळेनं दगडासारखी झालेली, पण लाल काठ ओळखू येत होता.

रुखमाबाई अशी किंचाळली की इसरूच्या हातातली कुदळ पडली. "ठोसली होती जी तुमी! हे पाहा! मनीचा काठ हाय!"

वारलू मागं उभा होता. सात महिन्यांत म्हातारा झालेला. तो वाकला आणि त्याचा डावा अंगठा बरोबर त्या जागी आला, न शोधता. एकदा दाबलं, दोनदा, तीनदा. चिंधी हलली नाही.

"आदल्या दिवशीची असन," तो म्हणाला.

"आदल्या दिवशी हा काठ तिच्या लुगड्यालेच होता! घाटावर फाडलं तिनं त्याच सकाळी, माह्यासमोर. तुमच्या हातात देल्लं!"

मग इतवारी हळूच म्हणाली, "कोनीतरी मगर म्हनलं होतं वाटते."

सोमाजींनी सगळ्यांकडे पाहिलं. "कोन म्हनलं? मी तं नाई आयकलं." त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा प्रश्न होता. मला तेव्हा त्यांची कीव आली, आणि चीडही आली.

कोलूनं पुरात फुटलेलं माझं पुढचं टोक कापून फळी बसवली आणि मला वारलूच्या अंगणात आणून ठेवलं. चिंधी काढू का, असं त्यानं विचारलं. रुखमाबाई म्हणाली, नाही.

गाव आता मानतं की वारलूची चूक नव्हती. वारलूही मानतो. कोणी विचारलं तर सांगतो, "हाव, ठोसली होती म्हनते रुखमा." पण ते ऐकलेलं आहे, आणि पाणी त्याला दिसतं. रोज सकाळी तो रुखमाबाईजवळ बसतो आणि म्हणतो, "सांग बरं." ती सांगते, कुंपणाचा काटा, फाटलेला काठ, टरकन फाडलेली पट्टी. तो मान डोलवत ऐकतो, दुसऱ्या कोणाच्या तरी लेकीची गोष्ट ऐकावी तसा.

तुम्ही कोणाला काही विचारायला जाल, कोणाच्या दारी, कोणाच्या दुःखात, तर एवढंच विचारा, काय झालं. उत्तराला आपल्या पदरचं भोक देऊ नका. एका लाकडाची तुमच्याकडे एवढीच मागणी आहे.

ऊन अंगणात आलं की वारलू विहिरीचं पाणी आणून माझ्यात ओततो. काठोकाठ भरतो. मग मागं येतो, खाली बसतो आणि चिरेखाली हात धरतो. बराच वेळ धरतो. बैल पिऊन जातात, तरी तो तिथंच असतो.

"गळत नाई," तो म्हणतो.

"नाई गळत," रुखमाबाई चुलीपासून म्हणते.

तो कोरडा हात धोतराला पुसतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येऊन तोच हात चिरेखाली धरतो.