चौथ्या लाइनवरची जागा

दातात पिन धरून केस बांधता बांधता आईने विचारलं, “काय गं, आमच्या कंपनीवर एवढं जाडजूड लिहिलंस, त्यात आमच्याबद्दल काय आहे?”

लेक चहा गाळत होती. निर्यात आणि उद्योगांच्या वाढीवरचा तिचा प्रबंध नुकताच छापून आला होता. मोटारींच्या तारांच्या जुड्या बांधणाऱ्या आईसारख्या बायका तिने त्यात ‘अकुशल’ या रकान्यात टाकल्या होत्या. सगळेच टाकतात म्हणून.

“आहे की, चांगलंच आहे.”

“मग वाचून दाखव. का माझ्या डोक्यावरून जाईल?”

“रविवारी वाचू.”

“तुझा रविवार कधी उजाडतो कुणास ठाऊक,” म्हणत आई कंपनीच्या बससाठी पळाली.

शुक्रवारी पहाटे आई गेली. उभ्या उभ्या, घरातच. डॉक्टर म्हणाले, हृदय.

महिन्याभराने लेक आईचं कपाट रिकामं करायला कंपनीत गेली, तर आईची चौथी लाइन थंड पडलेली. जहाजावर चढायची खेप तपासणीत अडकली होती आणि बायका एकेक जुडी पुन्हा तपासत बसल्या होत्या. जरा ओढलं की तारा कनेक्टरमधून सुटत होत्या.

“तुझ्या आईच्या जागेवर तीन जणी बसवून झाल्या,” सुपरवायझर बाई म्हणाली. “तिसरी तर आज आलीच नाही.”

“पण तार नुसती आत सारायची ना?”

आईच्या रिकाम्या स्टुलाशेजारच्या मावशीने मान वर न करता एक तार आणि कनेक्टर पुढे केला. “सारून बघ.”

तिने सारली. व्यवस्थित बसलेली दिसली. मावशीने ओढली, तर अलगद हातात आली.

“डोळा फसतो. मशीन चालू असली की तार बसल्याचा खटका ऐकूही येत नाही. तो बोटाला कळावा लागतो. तुझी आई डोळे मिटून बसवायची. साहेबाला वाटायचं, बाई झोपा काढतेय.” दोघी-तिघी हसल्या. “मला यायला दीड वर्ष लागलं. तेही तिने बोट धरून शिकवलं म्हणून.”

लेकीने डोळे मिटून पुन्हा सारली. काही कळलं नाही. आणखी दोनदा सारली.

“राहू दे. जेवणाच्या सुट्टीत ती सांगायची, लेकीने आमच्या कामावर पुस्तक लिहिलंय. काय लिहिलंयस गं?”

हात थांबवून सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. वेळ मारून नेणं तिला सहज जमलं असतं.

“लिहिलंय, की हे काम कुणालाही येतं,” ती म्हणाली. मग रिकाम्या स्टुलाकडे वळली. “चुकीचं लिहिलंय, आई. तू विचारलंस तेव्हा सांगायची लाज वाटली.”